सालीखालचे बिऱ्हाड

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी करून ते अमेरिकेला गेले, इंडियाना विद्यापीठात पीएचडी झाले आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. तिथे मन्रो वॉल यांच्या जोडीने त्यांनी झाडांतून दोन रेणू वेगळे काढले. कॅम्प्टोथेसिनची रचना १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली, टॅक्सॉलची १९७१ मध्ये. रसायनशास्त्रज्ञाच्या हातून उभ्या आयुष्यात एक औषध घडले तरी तो भाग्यवान. या दोन रेणूंपासून कॅन्सरच्या औषधांची दोन घराणी सुरू झाली. वॉल २००२ मध्ये गेले. वाणी एप्रिल २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी गेले, तेव्हा सारे जग टाळेबंदीत होते.

स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावर या विषयाची सुरुवात खान्देशातल्या या माणसाच्या नावाने व्हावी, हे सर्वार्थाने योग्य. कारण आजचा प्रश्न त्यांच्याच कामातून निघालेला आहे. ज्या झाडांच्या साली आणि लाकूड त्यांनी द्रावकांत भिजवले, गाळले, पुन्हा पुन्हा विभागले, त्या सालीखाली झाडाव्यतिरिक्त आणखी कोणाचे तरी बिऱ्हाड होते. बुरशीचे. वाणी आणि वॉल यांना सापडलेल्या रेणूंशी त्या बिऱ्हाडाचा काही संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. तो आहे का, असला तर किती, आणि त्यातून रुग्णाच्या हाती काय पडेल, याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही.

ऑगस्ट १९६२. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा करत होते. हे झाड अतिशय सावकाश वाढणारे, मोठ्या वृक्षांच्या सावलीत खुरटून राहणारे. लाकूडतोडे त्याला कचऱ्यात काढत, ढिगाऱ्याबरोबर जाळून टाकत. बार्कले यांचे काम सरकारी यादीतले होते: दिसेल त्या वनस्पतीचा नमुना घ्यायचा, पिशवीवर क्रमांक टाकायचा, पाठवून द्यायचा. त्या सालीच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या कॅन्सरपेशी मारल्या, म्हणून पुढचा माल वॉल आणि वाणींकडे आला. १२ किलो वाळलेल्या सालीतून त्यांच्या हाती आला जेमतेम अर्धा ग्रॅम पांढरा पदार्थ. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली की क्ष-किरण स्फटिकशास्त्राची मदत घ्यावी लागली.

हा रेणू करतो काय, हे १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवून दिले. इमारतीला रंग द्यायचा तर आधी बांबूंची परांची बांधतात आणि काम झाले की सोडतात. पेशी एकाची दोन होताना तिच्या आतही अशीच परांची उभी राहते, सूक्ष्म नलिकांची. गुणसूत्रे तिच्या आधाराने दोन टोकांना ओढली जातात आणि मग ती उतरते. तोपर्यंत माहीत असलेली औषधे ही परांची बांधूच देत नसत. टॅक्सॉल नेमके उलटे करते: बांधलेली परांची सोडू देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. असा मार्ग कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून धडपड वाढली. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अंडाशयाच्या कॅन्सरसाठी टॅक्सॉलला मान्यता दिली, १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी.

आणि झाडे? एक किलो औषधाला सुमारे १० हजार किलो साल लागे. साल काढली की झाड मेले. एकीकडे अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बायका औषधाची वाट पाहत होत्या, दुसरीकडे शंभर-शंभर वर्षांची झाडे सोलली जात होती. त्या वादात कोणा एकाला खलनायक ठरवता येत नव्हते. दोन्ही बाजूंना जीवच होते.

याच काळात मोंटाना राज्यात तिघे जण वेगळ्याच दिशेने शोध घेत होते. मोंटाना स्टेट विद्यापीठातले गॅरी स्ट्रोबेल आणि त्यांचे सहकारी अँड्रिया व डोनाल्ड स्टिएर्ल हे दांपत्य. त्यांचा तर्क असा की यूच्या आत राहणारी एखादी बुरशी कदाचित यूसारखेच रसायन बनवत असेल. उत्तर मोंटानातल्या एका यूच्या अंतर्सालीतून त्यांनी एक बुरशी वाढवली. एप्रिल १९९३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा निबंध आला. ती बुरशी स्वतः टॅक्सॉल बनवते, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या बुरशीचे नाव ठेवले टॅक्सोमायसीस अँड्रियाने, अँड्रियाबाईंच्या नावावरून.

वनस्पतीच्या आत राहणाऱ्या अशा जिवांना एंडोफाइट म्हणतात. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८६६ मध्येच वापरला होता. मराठीत अंतर्वासी म्हणता येईल. आंब्याचे पान घ्या, कडुनिंबाचे घ्या, कुंडीतल्या तुळशीचे घ्या. पान हिरवेगार, निरोगी, डागसुद्धा नाही, तरी त्याच्या पेशींमधल्या जागेत बुरशीचे बारीक तंतू असतात. रोग करणारी बुरशी ती ही नव्हे. ही गुपचूप राहते, झाडाच्या साखरेवर जगते, आणि काही वेळा बदल्यात पहारा करते. आजवर ज्या ज्या जातीची तपासणी झाली, त्या बहुतेक प्रत्येक वनस्पतीत ती सापडलेली आहे.

तिला बाहेर काढण्याची पद्धत एकदा पाहिली की विसरत नाही. ताजे पान वाहत्या नळाखाली धुतात. मग सुमारे मिनिटभर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, नंतर काही मिनिटे सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे लादी पुसायच्या ब्लीचच्याच द्रावणात, पुन्हा अल्कोहोल, आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने दोनतीनदा खळबळतात. पृष्ठभागावरची हवेतली, धुळीतली बुरशी मरावी आणि आतली जगावी, एवढीच सगळी कसरत. वेळ थोडा कमी पडला तर बाहेरचे पाहुणे शिरतात. थोडा जास्त झाला तर घरमालकीणच मरते. मग पानाचे नखाएवढे तुकडे करून बटाट्याच्या अर्काच्या अगारवर ठेवतात. बटाटा उकडून काढलेले पाणी, साखर आणि अगार: बुरशीचे हे जेवण शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही. जिवाणू वाढू नयेत म्हणून त्यात प्रतिजैविक घालतात.

शेवटच्या खळबळलेल्या पाण्याचा थेंब वेगळ्या ताटलीत टाकून ठेवतात. ही ताटली पुढचे कित्येक दिवस कोरी राहिली पाहिजे. ती कोरी राहिली नाही तर बाकीच्या सगळ्या ताटल्या फुकट. कोरी राहिली, तर चौथ्या-पाचव्या दिवशी तुकड्याच्या कापलेल्या कडेतून, म्हणजे पानाच्या आतून, कापसासारखा पांढरा पुंजका डोकावतो. या कापलेल्या कडेलाच सारा अर्थ आहे.

आता १९९३ च्या त्या निबंधातला आकडा. एक लिटर द्रावणात २४ ते ५० नॅनोग्रॅम टॅक्सॉल. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. साध्या अंकगणिताने पाहू. टॅक्सॉलची एक नेहमीची मात्रा शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठफळाला १७५ मिलिग्रॅम असते. मध्यम बांध्याच्या व्यक्तीला साधारण २८० मिलिग्रॅम लागते. लिटरला ५० नॅनोग्रॅम धरले तर एका मात्रेसाठी ५६ लाख लिटर बुरशीचे द्रावण हवे. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावांना पाणी नेणारा १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे ५६० टँकर, एका रुग्णाच्या एका सलाइनसाठी. १९९६ मध्ये स्ट्रोबेल यांच्याच गटाने हिमालयातल्या यूमधून, म्हणजे ज्याला उत्तराखंडात थुनेर म्हणतात त्या झाडातून, पेस्टॅलोटिऑप्सिस मायक्रोस्पोरा नावाची दुसरी बुरशी काढली. तिचे प्रमाण लिटरला ६० ते ७० मायक्रोग्रॅम. हजार पटींहून मोठी झेप. तरीही एका मात्रेला ४ हजार लिटर.

पुढच्या वीस वर्षांत टॅक्सॉल बनवणाऱ्या बुरशा जिथे तिथे सापडू लागल्या. यूचा संबंध नसलेल्या झाडांतूनही. निबंध धडाधड आले. इथे थांबून विचार करायला हवा होता, आणि काहींनी तो केला. २०१३ मध्ये जर्मनीतले हायनिग, शोल्झ आणि येनेवाइन यांनी या दाव्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. टॅक्सोमायसीस अँड्रियानेचा सगळा जनुकसंच त्यांनी वाचून काढला. यूमध्ये टॅक्सॉल बनवायला सुमारे वीस टप्प्यांची साखळी लागते. त्या साखळीशी जुळणारी जनुके त्यांना बुरशीत आढळली नाहीत. बुरशी स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते याचाही पुरावा मिळाला नाही. मग आधीच्यांनी मोजले ते काय? प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी मिळत्याजुळत्या रेणूंनाही ‘होय’ म्हणू शकते. झाडातले टॅक्सॉल तंतूंना चिकटून आले असेल, ही शक्यताही राहते. पण स्ट्रोबेल यांच्या गटाने किरणोत्सारी खूण लावलेला कच्चा माल बुरशीला खाऊ घातला होता आणि ती खूण टॅक्सॉलमध्ये उतरलेली दाखवली होती. त्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

प्रस्तुत वक्त्याचे मत असे की सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची. अत्यंत सूक्ष्म प्रमाणात काहीतरी सापडले, हे एखाद्या औषधाची फॅक्टरी सापडली असे म्हणायला पुरेसे नाही. मात्र म्हणून हा सारा विषय मोडीत काढावा असेही नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात सामेह सोलिमन आणि मनीष रायझादा यांनी २०१५ मध्ये यूच्या फांद्यांचे जे निरीक्षण मांडले, ते या वादाला वेगळेच वळण देते. यूच्या खोडातून नवी फांदी फुटते तेव्हा सालीला भेगा पडतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आत शिरायला ते उघडे दार. नेमक्या त्या भेगांपाशी त्यांना एक अंतर्वासी बुरशी दाटलेली दिसली, आणि तिच्यापाशी तेलकट थेंबांत साठवलेले टॅक्सॉल. घुसखोराची चाहूल लागली की ती हे थेंब बाहेर सोडते आणि भेगेवर जणू लिंपण घालते. टॅक्सॉल मुळात बुरशीनाशक आहे. घुसखोर बुरशीच्या पेशीतही परांची असते, तीही अडकते. माणसाचा कॅन्सर हा या गोष्टीत फार उशिरा आलेला पाहुणा. झाड आणि त्याचा अंतर्वासी आपापल्या दाराची राखण करत होते, एवढेच.

आता आपल्या अंगणात येऊ. सदाफुली. देवाला वाहायला, कुंपणाला, कुठेही लावा, पाणी घालायला विसरलात तरी फुलते. मूळची ती मादागास्करची. कॅनडातल्या डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे १९५२ मध्ये जमैकाहून या झाडाची पंचवीस पाने पाकिटातून आली. तिथे मधुमेहावर तिचा काढा पीत. पाने त्यांनी संशोधक भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे सोपवली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण अर्क टोचल्यावर त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. पांढऱ्या पेशी मारणारी गोष्ट ल्युकेमियावर चालेल का, हा प्रश्न त्यातून सुचला आणि १९५८ मध्ये नोबल व चार्ल्स बीअर यांनी व्हिनब्लास्टिन जगासमोर ठेवले. पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन आले. ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या उपचारात ते आजही रोज वापरले जाते.

पानांत या द्रव्यांचे प्रमाण किती? एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी ५०० किलोंहून जास्त वाळलेली पाने, एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनसाठी दोन टन. हे आकडे अंगणात सदाफुली असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावेत. कॅन्सरवर म्हणून तिच्या पानांचा काढा घेणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि घरच्यांनी तो प्रेमापोटीच करून दिलेला असतो. त्या पेल्यात औषधाची मात्रा कोणालाच ठाऊक नसते. व्हिनक्रिस्टिन हे दोन मिलिग्रॅमच्या आत मोजून, फक्त शिरेतून, तज्ज्ञाच्या नजरेखाली द्यायचे औषध; नसांना इजा करणारे. काढ्याने कॅन्सर थांबत नाही, उपचाराचे महिने मात्र हातचे जातात.

२०१३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदाफुलीतूनच फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी वेगळी करून तिच्या द्रावणात दोन्ही द्रव्ये मिळाल्याचे मांडले: लिटरला ७६ मायक्रोग्रॅम व्हिनब्लास्टिन आणि ६७ मायक्रोग्रॅम व्हिनक्रिस्टिन. इथे अंकगणित एकदम कूस बदलते. व्हिनक्रिस्टिनची मात्रा मुळातच दोन मिलिग्रॅम. म्हणजे कागदावर तीस लिटर, आंघोळीच्या दोन बादल्या. यूच्या ५६० टँकरांपुढे हे स्वप्नच. पण कागदावरचे तीस लिटर आणि शुद्ध, निर्जंतुक, दर खेपेला सारखीच भरणारी कुपी यांत केवढे अंतर आहे, हे औषधनिर्मितीतल्या कोणालाही विचारावे. आजही ही औषधे मुख्यत्वे शेतात लावलेल्या सदाफुलीच्या पानांतूनच निघतात.

वाणींचा पहिला रेणू कॅम्प्टोथेसिन. तो त्यांनी चीनमधल्या एका झाडातून काढला. गंमत अशी की तोच रेणू सह्याद्रीतल्या नरक्यात त्याहून भरघोस निघाला. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तो दाखवला. नरक्या म्हणजे महाबळेश्वर, कोयना, आंबोली या पट्ट्यात आढळणारे छोटेखानी झाड. फुलांना उग्र दुर्गंधी, म्हणून हे नाव. काही ठिकाणी याच झाडाला अमृताही म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातला निम्मोनियाना हा शब्द मुंबईत राहिलेल्या जोसेफ निम्मो या हौशी वनस्पती-अभ्यासकावरून आला.

कॅम्प्टोथेसिनचे काम समजून घ्यायला सुंभाची दोरी पुरते. दोन पदरी दोरी मधूनच उलगडायला घेतली की पुढचा पीळ घट्ट घट्ट होत जातो. डीएनए उलगडतानाही तेच होते. तेव्हा टोपोआयसोमरेज नावाचे एक प्रथिन एक पदर क्षणभर कापते, पीळ सैल करते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन कापल्यानंतरच्या क्षणी तिथे पाचर मारून बसते. पदर जोडलाच जात नाही. हे १९८५ मध्ये उलगडले. त्याआधी सत्तरच्या दशकात मूळ रेणूचे माणसांवरचे प्रयोग मूत्राशयाला झालेल्या गंभीर इजांमुळे थांबवावे लागले होते. रेणूत बदल करून घडवलेले टोपोटेकान आणि इरिनोटेकान १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आतड्याच्या कॅन्सरवर इरिनोटेकान जगभर देतात.

आणि मग घाटातल्या नरक्यावर कुऱ्हाड पडली. द्रव्य लाकडात, मुळाच्या सालीत. पाने खुडून भागत नाही. झाडे बुंध्यापासून तुटली, मुळे उकरली गेली, चिरफळ्या पोत्यांत भरून घाटाखाली उतरल्या. नरक्याची तस्करी पकडल्याच्या बातम्या सिंधुदुर्ग, कोल्हापूर, रत्नागिरीच्या वाचकांना नव्या नाहीत. तोडणाऱ्याच्या हाती किलोमागे चिल्लर पडते, जंगलाचे मात्र भरून येत नाही.

म्हणून २००५ ची एक बातमी आपल्यासाठी विशेष. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या पुरी आणि सहकाऱ्यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या नरक्याच्या अंतर्सालीतून एक बुरशी वाढवली आणि ती कॅम्प्टोथेसिन बनवते असे दाखवले. झाड तोडायची गरजच उरणार नाही, टाकीत बुरशी वाढवू, ही आशा तेव्हा अगदी हाताशी आल्यासारखी वाटली. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या उमा शंकर यांच्या गटानेही पश्चिम घाटातल्या झाडांतून अशा बुरशा काढल्या.

आशेला पहिला धक्का ताटलीतच बसला. बुरशी वाढवायची म्हणजे एका ताटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत तुकडा हलवत राहायचे. प्रत्येक हलवणी म्हणजे एक पिढी. आणि पिढीगणिक कॅम्प्टोथेसिन घटत गेले. जर्मनीत डॉर्टमुंडमध्ये सौविक कुसारी आणि मिखाएल श्पिटेलर यांनी चिनी झाडातल्या फ्युझेरियम सोलानी या बुरशीवर याचा कसून अभ्यास केला. त्यांच्या मांडणीनुसार सुरुवातीचे टप्पे बुरशीच्या स्वतःच्या जनुकांतून पार पडतात, पण एक कळीचे विकर तिच्याकडे नाही; ते झाडाचे. म्हणजे भाकरीचे पीठ एकीकडे आणि तवा शेजारणीकडे. झाडापासून तोडल्यावर काही पिढ्यांत बुरशीची उरलीसुरली जनुकेही डळमळू लागतात.

त्यांनी पुढे जे केले ते विलक्षण. विसरभोळी झालेली ती बुरशी त्यांनी जिवंत झाडात परत सोडली. ती झाडात पुन्हा रुजली, पसरली. बिऱ्हाड परत बसले. मग तिला पुन्हा बाहेर काढून तपासले. कॅम्प्टोथेसिन बनवणे मात्र परत आले नाही.

या एका प्रयोगात सगळ्या विषयाचा गाभा आहे. आपण ज्याला बुरशीचे औषध किंवा झाडाचे औषध म्हणतो, ते अनेकदा दोघांच्या संसाराचे असावे, आणि संसार मोडून त्यातला एक जण प्रयोगशाळेत आणला की हाती अर्धाच हिशेब येतो. आणखी एक बारकावा याच गटाने दाखवला: स्वतःच बनवलेल्या विषाने बुरशी मरत का नाही? कॅम्प्टोथेसिन जिथे पाचर मारते त्या प्रथिनात तिने नेमके फेरबदल करून ठेवले आहेत. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या झाडांच्या प्रथिनातही असे फेरबदल जपानी संशोधकांना आधी सापडले होते. विषाशेजारी राहायचे तर दोघांनाही तजवीज करावी लागते.

वनस्पतीचे समजलेले रसायन पूर्णपणे बुरशीचे निघाले, अशी पक्की उदाहरणेही आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागात लोकोवीड नावाची रानवनस्पती खाऊन गुरे भेलकांडतात, वेडीपिशी होतात. दोष स्वेन्सोनिन नावाच्या द्रव्याचा. ते वनस्पतीचे नसून तिच्या आतल्या बुरशीचे आहे, हे आता निर्विवाद आहे. बुरशीविना वाढवलेल्या रोपात ते नसते. हेच स्वेन्सोनिन कॅन्सरवरचे औषध म्हणून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंतही गेले, पण पुढे टिकले नाही. हिमालयातल्या वनककडीतून आणि सह्याद्रीतल्या डायसॉक्सिलम या झाडातून मिळालेल्या बुरशांच्या कथा मात्र इतक्या पक्क्या नाहीत. यातल्या डायसॉक्सिलमच्या रोहिटुकिन या रेणूवरून मुंबईत मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात फ्लॅव्होपिरिडॉल घडले, आणि पेशीचक्राला लगाम घालणाऱ्या औषधांत माणसांवर तपासले गेलेले ते पहिले ठरले.

वर्तमानपत्रांत दर काही महिन्यांनी एक मथळा येतो: अमुक वनस्पतीतल्या बुरशीत कॅन्सरवर रामबाण. मथळ्याखालचा प्रयोग बहुधा असा असतो: ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरपेशींवर अर्क घातला, पेशी मेल्या. ताटलीतल्या पेशी व्हिनेगरनेही मरतात. प्रश्न असा विचारायचा की किती कमी मात्रेत मेल्या, शेजारच्या निरोगी पेशी वाचल्या का, अर्कातला नेमका रेणू कोणता, उंदरात तो यकृताने लगेच फोडून टाकला का. टॅक्सॉलला झाडापासून मान्यतेपर्यंत तीस वर्षे लागली, तीही वाणींसारख्या माणसांनी जिद्द धरल्यावर. बाईच्या गाठीचा अहवाल हातात घेऊन बसलेल्या कुटुंबाला हा फरक सांगणे हे डॉक्टरांचे काम आहेच. आपल्या पत्रकारांचे आणि विज्ञानलेखकांचेही तितकेच आहे.

टॅक्सॉलची टंचाई शेवटी बुरशीने सोडवली नाही. आधी युरोपातल्या यूच्या पानांतून मिळणाऱ्या जवळच्या रेणूला रॉबर्ट होल्टन आदींनी रसायनशाळेत पुढे घडवले; पाने खुडली तरी झाड जगते. मग टाक्यांत यूच्या पेशीच वाढवण्याची पद्धत आली, तिला २००४ मध्ये अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि २०२२ मध्ये जे कीस्लिंग यांच्या गटाने सदाफुलीची जनुके यीस्टमध्ये बसवून व्हिनब्लास्टिनचे दोन्ही अर्धे तुकडे यीस्टकडून बनवून घेतले. यीस्ट, म्हणजे पावाचे, इडलीच्या पिठातलेही. तीही बुरशीच. रानातल्या बुरशीकडून जे हवे होते ते पाळीव बुरशीला शिकवावे लागले.

मग रानातल्या बुरशीकडे पुन्हा कशाला जायचे? कारण यीस्टला शिकवायला आधी धडा हवा, आणि तो धडा झाड व अंतर्वासी यांच्यापाशी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. सह्याद्रीतल्या हजारो बुरशा तिथे गोठवून, सुकवून, काचेच्या नळ्यांत जपता येतात. पण डॉर्टमुंडच्या प्रयोगाने दाखवले की नळीत जपलेली बुरशी आणि झाडात राहणारी बुरशी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. ज्या नरक्यातून नमुना घेतला तो नरक्या उभा असला, तर दर पावसाळ्यानंतर तिथे परत जाता येते, त्याच खोडाची बोटभर साल पुन्हा घेता येते, आणि पहिल्या पिढीची बुरशी हाती लागते, काही न विसरलेली.

म्हणून घाटात नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वहीत बुरशीच्या नावाआधी झाडाची नोंद असावी: कोणते गाव, कोणता ओढा, खोडाचा घेर किती, पानगळ झाली होती का, शेजारी कोणती झाडे. बार्कले यांनी १९६२ मध्ये पिशवीवर टाकलेल्या क्रमांकाइतकेच ते महत्त्वाचे. आठव्या दिवशी ताटलीत पाच-सहा रंगांचे पुंजके वाढलेले असतात, एखादा करडा, एखादा गुलाबीसर, एखाद्याभोवती पिवळी कड. त्यांतल्या बहुतेकांना अजून नाव नाही. ताटलीच्या झाकणावर मार्करने जे लिहायचे असते ते त्या झाडाचे नाव आणि क्रमांक, आणि ते झाड पुढच्या वर्षीही तिथे असेल याची खबरदारी वनखात्याने, गावाने आणि त्या विद्यार्थ्याने मिळून घ्यायची असते.